खांद्यावर कोरली न जाणारी खूण

सुट्टीत तारकर्ली-मालवणला जाऊन समुद्राचा तळ पाहून आलेल्या वसई-विरारकरांच्या बोलण्यात, आणि पुष्कळदा छापील मजकुरातही, पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीला सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हटले जाते. या टाकीत ऑक्सिजन नसून दाबून भरलेली साधी हवा असते. सर्वाधिक प्रचलित अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीचे आकारमान जेमतेम ११ लिटर असले, तरी २०७ बार दाबाला तिच्यात सुमारे २,२०० लिटर हवा मावते आणि त्या हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण आपण श्वासावाटे घेतो तितकेच, म्हणजे २१ टक्के असते. शुद्ध ऑक्सिजन भरलेली टाकी घेऊन कोणी ६ मीटरच्या खाली उतरल्यास त्याच्या फुप्फुसांतील ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे मिश्रणातील त्या एका वायूच्या वाट्याचा दाब, १.६ बारच्या पुढे जातो आणि पाण्याखालीच आकडी येण्याचा धोका उभा राहतो. नाव चुकले की धोकाही चुकीच्या ठिकाणी शोधला जातो, म्हणून हा भेद आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे.

टाकीचा शुद्ध ऑक्सिजनशी खरा संबंध येतो तो ‘नायट्रॉक्स’ या मिश्रणामुळे. यात ऑक्सिजनचे प्रमाण बहुधा ३२ किंवा ३६ टक्के ठेवतात. त्यामुळे शरीरात मुरणारा नायट्रोजन कमी होतो आणि मध्यम खोलीवर अधिक वेळ थांबता येते. हे मिश्रण तयार करण्याची एक रूढ पद्धत अशी की, रिकाम्या टाकीत आधी हिशेबाने शुद्ध ऑक्सिजन सोडायचा आणि नंतर वरून हवा भरायची. पाणबुड्याला अखेरीस मिळणारे मिश्रण सौम्य असले, तरी भरण्याच्या त्या काही मिनिटांत टाकी, तिचा व्हॉल्व्ह आणि आतील रबरी कड्या यांना शुद्ध ऑक्सिजनला तोंड द्यावे लागते, आणि ‘ऑक्सिजन क्लीनिंग’ नावाची शिस्त जन्माला आली ती याच काही मिनिटांसाठी.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, तो जाळतो. हवेत धुमसतही नाहीत असे पदार्थ त्याच्या सहवासात भडकतात. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे तोंड तापते, त्याच नियमाने बंद जागेत झटकन दाबला गेलेला वायू तापतो. व्हॉल्व्ह एकदम उघडल्यामुळे १ बारवरील वायू क्षणात १५० बारपर्यंत दाबला गेला आणि उष्णतेला बाहेर पडण्यास वेळच मिळाला नाही, तर कागदावरील गणिताने त्याचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. उष्णता आणि ऑक्सिजन असे दोघे तेथे आधीच हजर असतात. आगीला हवे असलेले तिसरे, म्हणजे इंधन, पुरवण्यास बोटाला लागलेले ग्रीस किंवा कॉम्प्रेसरमधून आलेल्या तेलाचा सूक्ष्म थरही पुरतो. २७ जानेवारी १९६७ रोजी ‘अपोलो १’च्या जमिनीवरील चाचणीत तीन अंतराळवीरांचा बळी गेला, तेव्हा यानाची कुपी शुद्ध ऑक्सिजनने भरलेली होती आणि एरवी निरुपद्रवी ठरलेल्या वस्तूंनी तीत पेट घेतला होता.

‘ऑक्सिजन क्लीनिंग’च्या शिस्तीत व्हॉल्व्हचा प्रत्येक भाग सुटा करून तेल काढणाऱ्या द्रावणात धुतला जातो, बहुधा ध्वनिलहरींनी मळ सुटा करणाऱ्या भांड्यात ठेवला जातो, स्वच्छ पाण्याने खंगाळून कोरडा केला जातो आणि मगच तपासला जातो. तपासणीची एक रीत तर कोणत्याही स्वयंपाकघरात ओळखीची वाटावी अशी आहे: नीट घासलेल्या स्टीलच्या ताटावर पाणी अखंड पसरते आणि तेलकट राहिलेल्या ताटावर ते थेंबाथेंबांनी फुटते, तसेच धातूवरील पाण्याचा पडदा कोठे तुटतो ते पाहिले जाते. त्याखेरीज पांढऱ्या कापडाने पुसून डाग पाहतात आणि अतिनील दिव्याखाली चमकणारे तेल शोधतात. मात्र सिलिकोन ग्रीससारखे काही पदार्थ त्या दिव्याखाली चमकत नाहीत, म्हणून एकाच चाचणीवर विसंबणे योग्य ठरत नाही. शेवटी ऑक्सिजनला टिकणाऱ्या नव्या रबरी कड्या (ओ-रिंग) बसवून त्यांना नेहमीच्या ग्रीसऐवजी ऑक्सिजनमध्ये पेट न घेणारे फ्लोरिनयुक्त वंगण लावले जाते.

हा सारा विषय वसई-विरारला परका वाटण्याचे कारण उघड आहे. उत्तरेकडून वैतरणा आणि दक्षिणेकडून वसईची खाडी येथील समुद्रात एवढा गाळ आणून टाकतात, की अर्नाळा किंवा पाचूबंदरच्या पाण्यात हौशी पाणबुड्याला पाहण्यासारखे काही उरत नाही. सिलिंडर मात्र येथे गल्लोगल्ली आहे. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांत गॅस कटिंगसाठी ऑक्सिजनचा काळा आणि अ‍ॅसिटिलीनचा तपकिरी-लाल सिलिंडर शेजारी शेजारी उभे दिसतात, आणि यंत्राला तेल देणारा हातच पुष्कळदा ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह फिरवतो. घट्ट बसलेल्या व्हॉल्व्हला तेलाचे दोन थेंब सोडावेत, ही कारखान्यातील एरवी शहाणपणाची सवय येथे घातक ठरते, आणि म्हणूनच गॅस सिलिंडर नियम, २०१६ मध्ये व्हॉल्व्हला तेल किंवा तत्सम वंगण लावण्यास मनाई आहे. एप्रिल २०२१ मध्ये नालासोपारा-विरारची रुग्णालये ऑक्सिजनच्या टंचाईने हवालदिल झाली होती, त्याच सुमारास देशात नायट्रोजन आणि आर्गॉनचे सिलिंडर वैद्यकीय ऑक्सिजनसाठी तात्पुरते वापरण्यास परवानगी देण्यात आली, तीही आतून शुद्ध करून घेण्याच्या अटीवर. सिलिंडरमध्ये काय भरले आहे, याइतकेच त्यात पूर्वी काय होते हेही महत्त्वाचे असते, हे त्या अटीने मान्य केले.

तथापि नेहमीच्या व्यवहारात ही जाणीव टिकत नाही आणि त्याचे मूळ तपासणीच्या स्वरूपातच आहे. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेच्या देखरेखीखाली उच्च दाबाच्या सिलिंडरची ठरावीक मुदतीने, ऑक्सिजनच्या बाबतीत साधारणतः दर ५ वर्षांनी, पाण्याच्या दाबाने चाचणी होते आणि तिची तारीख सिलिंडरच्या खांद्यावर ठोकली जाते. ही तारीख धातूच्या ताकदीची ग्वाही देते, आणि ताकद हा सावकाश झिजणारा गुण असल्यामुळे तिला वर्षांची मुदत देता येते. स्वच्छतेला अशी मुदत नसते. अमेरिकेतील प्रचलित निकषांनुसार पाणबुड्याच्या साध्या हवेत प्रति घनमीटर ५ मिलिग्रॅमपर्यंत तेल चालते, पण शुद्ध ऑक्सिजनशी मिसळायच्या हवेत ते ०.१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. म्हणजे काल निगुतीने धुतलेली टाकी आज साध्या कॉम्प्रेसरवर एकदा भरून आणली, की तिच्यावरील ‘ऑक्सिजन क्लीन’ची चिठ्ठी खोटी ठरते, मग खांद्यावरील तारीख कितीही ताजी असो.

यावर उपाय नव्या कायद्यात शोधण्याची गरज नाही. सिलिंडरच्या मालकाने प्रत्येक सिलिंडरची नोंद ठेवण्याची पद्धत आहेच. त्याच नोंदवहीत शेवटची सफाई कोणत्या दिवशी झाली, कोणी केली आणि त्यानंतरची प्रत्येक भरणी कोणत्या कॉम्प्रेसरवर झाली, एवढे तीन रकाने वाढवता येतील. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडीविद्येची प्रशिक्षण संस्था आहे, तेथून ही रीत सुरू झाली तर किनाऱ्यावरील व्यावसायिकांना ती उचलणे सोपे जाईल. वालीवच्या गाळ्याला तर त्याहून कमी पुरेल: ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हसाठी वेगळा पाना, हात पुसण्यासाठी वेगळे कोरे फडके आणि व्हॉल्व्ह सावकाश उघडण्याची सवय. ताकदीचा दाखला पाच वर्षांतून एकदा मिळवला तरी भागते. स्वच्छतेचा दाखला मात्र पाना हातात घेणाऱ्याला दररोज नव्याने मिळवावा लागतो.