खाकीच्या वाटेचा हिशोब

साताऱ्यात किंवा सांगलीत पहाटे मैदानावर गेलात, तर अंधारात धापा टाकत फेऱ्या मारणारे दादा आणि ताया दिसतील. कशासाठी पळताय, असं विचारलं तर उत्तर एकच, "भरती!" तुमच्यापैकीही कित्येकांना खाकी वर्दी खुणावत असेल. खुणावू दे की! पण आज त्या वाटेचा हिशोब मांडू. आई-बाबांनाही शेजारी बसवा.

अमेरिकेत पोलिसांत जाऊ पाहणारी पुष्कळ मुलं बारावीनंतर 'क्रिमिनल जस्टिस' या विषयाची दोन वर्षांची पदवी घेतात. आपल्याकडे पोलीस शिपाई व्हायला असली पदवी लागत नाही. लागते ती बारावी, वयाची १८ वर्षं पूर्ण आणि उंची, मुलांना १६५ आणि मुलींना १५५ सेंटिमीटर. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणं, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. त्यानंतर १०० गुणांची लेखी परीक्षा. २०२४ च्या भरतीत अर्जाची फी होती खुल्या गटाला ४५० रुपये आणि मागासवर्गीयांना ३५०.

मग पैसे जातात कुठं? अकादमीत! फी, खोली, मेस, बूट... त्यासाठी कुणाच्या घरचं दुभतं जनावर विकलं जातं, कुणी कर्ज काढतं. अकादमी वाईटच असते असं नाही. शिस्त लागते, सोबत मिळते. पण कुणी "नोकरीची हमी" म्हणालं, तर त्याला लांबूनच नमस्कार करा. ती हमी त्याच्या हातात नसते.

कारण हे बघा. २०२४ मध्ये सुमारे १७ हजार जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. म्हणजे शंभरात एक! उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय? ज्यानं भरतीपायी कॉलेज सोडलं, त्याच्या हाती वय आणि कर्ज उरतं. ज्यानं पळता पळता पदवी घेतली, त्याला दुसरी दारं उघडतात. कुठल्याही शाखेच्या पदवीवर लोकसेवा आयोगाची फौजदाराची परीक्षा देता येते. वकिलीसाठी साताऱ्यातच इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे. विज्ञानाची आवड असेल तर न्यायसहायक प्रयोगशाळेची वाट आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या कायद्यात, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञानं घटनास्थळी जावं, अशी तरतूद आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे अशी माणसं लागणारच.

आणि जो निवडला जातो त्याचं? शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं, वर भत्ते. पण दिवाळीत, गणपतीत सगळे घरी असताना तो बंदोबस्तावर असतो. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे आठवतात ना? लष्करातून निवृत्त होऊन ते मुंबई पोलिसांत आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ, हातात फक्त लाठी असताना, त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या झेलल्या, पण सोडली नाही. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. वर्दीची ही किंमत कुठल्याच अकादमीच्या पावतीवर नसते.

तेव्हा पळा, जरूर पळा. मैदानाला फी नाही! फक्त घरी आल्यावर पुस्तक उघडायला विसरू नका.