टाचांवर चालून दाखवा

गेल्या जानेवारीत माझ्या कमरेत चार स्क्रू बसायचे होते. तारीख ठरली होती, कंपनीच्या मेडिक्लेमची मंजुरी आली होती, कोरेगावची मावशी महिनाभर साताऱ्यात येऊन राहायला तयार झाली होती. आठ दिवस उरले असताना मी फोन करून ऑपरेशन रद्द केलं. तेव्हापासून मला दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक म्हणतात, 'बरं केलंस. मणक्याला हात लावला की माणूस कायमचा गेला.' दुसरी म्हणतात, 'घाबरलास लेका.' मला या दोघांशीही भांडायचंय. पहिल्यांशी जरा जास्तच, कारण त्यांनी माझ्या वडिलांचा पाय घालवला.

आधी माझं सांगतो. मी एमआर आहे. सात वर्षं सातारा हेडक्वार्टर. कराड, इस्लामपूर, सांगली, मिरज हा सगळा पट्टा माझ्याकडे, आणि तो बाइकवर. हायवे ठीक आहे. पण पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळल्यावर माझ्या कमरेनं जे सोसलंय ते तिलाच माहीत. बॅगेत हाडांच्या डॉक्टरांसाठीची औषधं असतात. वेदनाशामक, नसांच्या गोळ्या, कॅल्शियम. कंबरदुखीच्या गोळ्या खपवता खपवता माझीच कंबर गेली, यावर सगळे केमिस्ट हसून झालेत. तुम्हीही हसून घ्या.

दोन वर्षं दुखत होतं. सकाळी बुटाची नाडी बांधता यायची नाही. डॉक्टरांच्या केबिनबाहेर बाकावर दीड तास बसलो की उठताना भिंत धरावी लागायची. दुखणं कमरेत, फार तर कुल्ल्यापर्यंत. गुडघ्याच्या खाली कधीच नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण ज्यांनी माझी तारीख ठरवली त्यांनी ते विचारलंच नव्हतं.

त्यांच्यासमोर मी सात मिनिटं होतो. आम्हा लोकांना डॉक्टरांची मिनिटं मोजायची सवय असते. हॉस्पिटल मोठं होतं, नाव आणि गाव सांगत नाही. एमआरआयची फिल्म दिव्यावर लागली. 'एल-फोर एल-फाइव्हला गॅप आहे, खाली पण सुरुवात झालीय, स्क्रू टाकून फिक्स करून टाकू.' माझ्या पायातले बूटसुद्धा निघाले नाहीत. बाहेर काउंटरवर पहिला प्रश्न आला, 'सर, पॉलिसी कितीची आहे?'

हा 'गॅप' काय प्रकार आहे तेवढं एकदा बोलून घेऊ. आमच्या दोन जिल्ह्यांत घरटी एकाच्या मणक्यात गॅप निघेल. शब्दच मुळात उलटा आहे. दोन मणक्यांमधली गादी वयानं झिजते तेव्हा तिथलं अंतर कमी होतं, वाढत नाही. आणि ही झीज केस पिकण्यासारखी आहे. १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढून पाहिले, तर ५२ टक्के लोकांची निदान एक तरी गादी फुगलेली निघाली. या लोकांना काहीही होत नव्हतं. त्यांच्यापैकी एखाद्याला त्याच आठवड्यात कंबरेत उसण भरली असती, तर फिल्म पाहून कुणीही म्हणालं असतं, हे बघा, सापडलं! फिल्ममध्ये जे दिसतं तेच दुखतंय, हे माणसाला तपासल्याशिवाय कळत नाही. पण काळीपांढरी फिल्म आणि इंग्रजी रिपोर्ट हातात आला की आपण गप्प होतो. मीही झालो, आणि मी तर या धंद्यातला.

आता आप्पांचं.

आप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते. हळदीची पोती, गुळाचे रवे. एका माणसानं ५५ किलोहून जास्त वजन उचलू नये असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९६७ पासून सुचवते आहे. आप्पांनी शंभराची पोती वाहिली. महाराष्ट्रात १९६९चा माथाडी कायदा आला, तो ज्यांच्या लढ्यातून आला ते अण्णासाहेब पाटील आमच्याच जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातले. त्यांचा फोटो आमच्या घरात देवाच्या शेजारी आहे. पण हमाली पोत्यावर मिळते. पाठ धरली म्हणून महिनाभर बसलं तर आप्पांच्या हातात काही पडणार नव्हतं.

२०१४च्या हळदीच्या हंगामात त्यांच्या कुल्ल्यातून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जायला लागली. विजेचा झटका बसावा तशी. रात्री पालथं झोपायचे आणि उशी दातांत धरायचे. यार्डातल्या प्रत्येकानं एकच सांगितलं, 'आरं, आप्रेशन करू नको. खाटंला खिळशील.' मग एक नस बसवणारा गाठला. तो पाठीवर पाय देऊन उभा राहायचा. पुढं आणखी एक, त्याच्याकडं फक्त अमावास्येला नंबर लागायचा. असे पाच महिने गेले. एक दिवस आप्पांच्या उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटली. घातली, परत निसटली. त्यांना वाटलं अंगठा सैल झाला. नव्वद रुपयांची नवी चप्पल आणली. तीही निसटायला लागली.

चपलेत काही दोष नव्हता. पायाचा पंजा वर उचलणंच बंद झालं होतं.

ऑपरेशन झालं, सरकारी योजनेतून, घरचा एक पैसा न लागता. तिसऱ्या दिवशी कळ गेली. पंजा मात्र परत आला नाही. आज ते टाचेमागं इलॅस्टिक शिवलेली चप्पल घालतात आणि एका वखारीवर राखणीला बसतात. 'मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस संपतो' असं सांगणाऱ्यांना मी त्यांची ती चप्पल दाखवतो. ऑपरेशन न केल्यामुळं काय संपतं ते तिच्याकडं बघून कळतं.

माझं ऑपरेशन रद्द झालं ते मिरजेत. मिरजेबद्दल एक सांगायला हवं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथं हॉस्पिटल उघडलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून माणसं रेल्वेनं, गाड्यांनी येऊन तिथं पोटं फाडून घेतायत आणि बरी होऊन घरी जातायत. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ चाकूवर भरवसा टाकलेला हा मुलूख आहे. इथला माणूस अडाणीपणानं ऑपरेशनला भितो, हे मला कुणी सांगू नये.

तर तिथल्या एका म्हाताऱ्या सर्जनकडं मी कॉलला गेलो होतो. एमआरनं केबिनमध्ये स्वतःचं दुखणं काढायचं नसतं, हा आमचा अलिखित नियम. मी काढलं नाही. पण बाकावरून भिंत धरून उठताना त्यांनी मला पाहिलं होतं. सॅम्पल बाजूला सारून म्हणाले, 'बूट काढ. टाचांवर चालून दाखव.' मग चवड्यांवर. मग आडवं पाडून एकेक पाय सरळ वर, गुडघ्यावर हातोडी, अंगठ्यावर टोचणी. वीस मिनिटं. फिल्म त्यांनी सगळ्यात शेवटी पाहिली. मग विचारलं, 'घरात अजून कुणाचं?' मी आप्पांचं सांगितलं.

'किती दिवस थांबले होते?'

'पाच महिने.'

ते पेनाचं टोपण लावत काढत राहिले. मग म्हणाले, 'तुझं मी करणार नाही. कुणाकडून करूनही घेऊ नकोस, निदान चार महिने.'

त्या रात्री साताऱ्याला परत आल्यावर मी वाचायला बसलो. कंपनीच्या पत्रकांपलीकडं पहिल्यांदाच. नस दाबली जाऊन पायात कळ जाते त्या दुखण्यावर नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांचा अभ्यास झाला होता, २००७ साली छापलेला. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना थांबवून उपचार. लवकर केलेल्यांची कळ लवकर गेली. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढं वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं. आणि वर्षाअखेर दोन्हीकडचे सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. म्हणजे अशा दुखण्यात ऑपरेशन खरोखर उपयोगाचं आहे, आणि पायात ताकद असेल तर थांबायलाही जागा आहे. पण नुसत्या जुनाट कंबरदुखीसाठी मणके जोडून टाकणं ही वेगळी गोष्ट. त्यावर ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांचा अभ्यास २००५ साली छापून आला: एका बाजूला मणके जोडणं, दुसऱ्या बाजूला कसून करून घेतलेला व्यायाम आणि दुखण्यासोबत जगायचं शिक्षण. ऑपरेशन सरस असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. माझं दुखणं या दुसऱ्या जातीचं होतं. तारीख मात्र माझी ठरली होती.

ज्याला चाकू हवा होता तो अमावास्येची वाट बघत बसला, आणि ज्याला नको होता त्याच्यासाठी थिएटर बुक झालं. याला नशीब म्हणू नका. यामागं पैशाची वाट आहे, आणि ती कुणीही बघू शकतो. माझ्या मेडिक्लेममधून भरती झालं की लाखांत पैसे मिळतात. २०१२ साली राजीव गांधींच्या नावानं सुरू झालेली, २०१७ पासून महात्मा फुलेंच्या नावानं चालणारी जनआरोग्य योजना गरिबाला मोठा आधार आहे, आप्पांचं ऑपरेशन तिच्यातूनच झालं. पण तिचंही गणित पॅकेजचं: अमुक शस्त्रक्रिया, अमुक रक्कम. चार महिने आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी, त्या काळात बुडालेली मजुरी, जड कामाऐवजी हलकं काम, याला कुठल्या पॅकेजात बसवणार? मी माझ्या फिजिओच्या पावत्या क्लेमला लावल्या. 'रुग्ण भरती नव्हता' या कारणानं परत आल्या. कापायला पैसे आहेत, बरं व्हायला वेळ नाही. डॉक्टरनं प्रामाणिक राहायचं ठरवलं तरी पेशंटला काय लिहून देणार? 'पोती वाहू नका' असं?

आमच्या भागात दर दिवाळीनंतर बीडहून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कारखान्यांवर. त्या बायकांचं पोट दुखतं, कंबर दुखते, आणि गर्भाशय काढलं जातं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढणाऱ्या बाईची कंबर का दुखते, याला फिल्म कशाला हवी? कामाचं दुखणं कमी करायचं तर मुकादमाला, कारखान्याला जाब विचारावा लागतो. अवयव काढायला कुणालाच काही विचारावं लागत नाही.

हे वाचून कुणी ऑपरेशन टाळायला निघालं असेल तर थांबा. पंजा किंवा पायाची ताकद जात असेल, जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा आला असेल, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली असेल, तर माझा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, हॉस्पिटल गाठा. तिथं एकेक दिवस मोलाचा असतो. व्हॉट्सअॅपवर 'बिनऑपरेशनचा मणक्याचा इलाज' फॉरवर्ड करणाऱ्या काकांना हे कधीच सांगावंसं वाटत नाही. त्यांच्या पायातली चप्पल निसटत नाही ना.

आणि सही करण्याआधी एक करा. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितलंय की संमती म्हणजे नुसता कागद नव्हे. डॉक्टरनं उपचाराचं स्वरूप, त्याचे धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न घेतल्याचे परिणाम समजतील असे सांगायला हवेत. मी सात ठिकाणी सह्या केल्या होत्या. त्यांतल्या एकाही पानावर काय लिहिलंय ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. डॉक्टरांना त्यांचा वेळ घेतलेला आवडत नाही, हे मला सात वर्षं पगार घेऊन शिकवलं गेलंय. तुम्हाला तसं कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही विचारा.

माझ्या धंद्याबद्दलही बोलायला हवं, नाहीतर हे लबाडीचं होईल. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना भेटी देऊ नयेत, सहली घडवू नयेत अशी संहिता केंद्र सरकारनं मार्च २०२४मध्ये काढली. त्याआधी मी काय काय पोचवलंय ते मला ठाऊक आहे. ज्या बाजाराला मी शिव्या देतोय त्याची पिशवी माझ्याच खांद्यावर होती. कदाचित कंबर त्यानंही दुखत असेल. हा विनोद माझ्या फिजिओला आवडला नव्हता.

आता कसा आहे? सातारा ते सांगली बाइक बंद, कोयना एक्स्प्रेस किंवा एसटी. त्यामुळं कॉल कमी, इन्सेंटिव्ह बुडाला, मॅनेजरची बोलणी खाल्ली. व्यायामाला पहिले सहा आठवडे काहीच फरक नव्हता. एका रात्री मी चिडून स्क्रूवाल्यांना फोन लावायला निघालो होतो. नाडी आता बांधता येते. गार हवेत अजून दुखतं. कासच्या वाटेवर यवतेश्वरपर्यंत चालत जातो, उतरताना सांभाळून. आप्पा आले की मागून ओरडतात, 'टाचंवर चाल बघू.' मी चालून दाखवतो. ते नुसतं बघत राहतात.

गेल्या आठवड्यात त्या हॉस्पिटलमधून फोन आला. काउंटरवरचीच मुलगी, आवाजानं गोड. 'सर, तुमची पॉलिसी मार्चमध्ये रिन्यू होतेय ना? त्याआधी तारीख देऊ का?' मी विचारलं, तुमच्या पॅकेजमध्ये फिजिओची किती सेशन आहेत? ती जरा थांबली. मागं कुणाला तरी विचारल्याचा आवाज आला.

'तसं काही नाहीये सर. तुम्ही फक्त तारीख सांगा.'