न मागितलेली ठेव

बँकेतील एखादे खाते दहा वर्षे कोणी हाताळले नाही, तर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. खातेदार वा त्याचा वारस पुढे केव्हाही आला, तरी ती परत मिळते. व्यापारी घराण्यांना ही व्यवस्था परिचित आहे. परंतु एक ठेव अशीही आहे, जी वेळेत मागितली नाही तर कोणताही निधी ती जपून ठेवीत नाही. शाळेपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या मुलाचा शिक्षणाचा हक्क, ही ती ठेव होय.

मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. सुताचा भाव आणि कापडाची मागणी यांवर येथील असंख्य घरांची चूल अवलंबून असते. अशा घरातील मूल जन्मतः चालू शकत नसेल आणि आईवडील दोघेही कामाला बांधलेले असतील, तर त्याला उचलून शाळेत कोण नेणार? ते उंबऱ्याशी बसून राहते. हे केवळ कामगारांच्या वस्तीतच घडते असेही नाही. सुखवस्तू पेढीवाल्याच्या माडीवरही असे मूल असू शकते. त्याच्या औषधोपचारांत उणीव नसते. पाटी मात्र त्याच्या हाती आलेली नसते.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती. आजच्या कायद्याने मुख्य भार शासनावर टाकला आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि ६ ते १४ वयाच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अथवा एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या बालकास घरीच शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी ही मोफत शिक्षणाची मर्यादा १८ वर्षांपर्यंत नेली. शेजारची शाळा की विशेष शाळा, ही निवडही त्यांचीच ठेवली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. घरच्या शिक्षणाचा पर्याय कुटुंबाचा आहे. प्रवेश टाळण्यासाठी तो शाळेने पुढे करावयाचा नाही. मूल शाळेत येऊ इच्छीत असेल, तर उतरता मार्ग, वाहतूक व आवश्यक तेथे मदतनीस यांची सोय करणे हे व्यवस्थेचे कर्तव्य आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वय उलटून गेले असल्यास वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षण मिळते आणि चौदा वर्षांनंतरही प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत ते मोफतच राहते.

मालेगावात याचे पहिले दार महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाचे. आपल्या क्षेत्रातील १४ वर्षांपर्यंतच्या बालकांची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास त्याच प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा असे कायदा सांगतो. त्यापुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

तीनचाकी सायकलींचे वाटप समाजाने अनेकदा केले आहे, आणि ज्ञानदानाचे मोल या घरांना सांगावे लागत नाही. मात्र दान देणाऱ्याच्या इच्छेवर असते; हक्क ज्याचा त्याच्या नावावर जमा असतो. पेढीवरील हमालाच्या किंवा मागावरील कारागिराच्या घरी असे मूल असेल, तर मालकाने त्याचा अर्ज लिहून द्यावा, अर्ध्या दिवसाची पगारी सुटी द्यावी, जमल्यास सोबत जावे. यात खर्च जवळजवळ नाहीच. आणि असे मूल स्वतःच्याच माडीवर असेल, तर लोक काय म्हणतील हा विचार बाजूस सारून पहिला अर्ज तेथूनच जावा.

बँकेतील ठेव वारसालाही मिळते. बालपणाला वारस नसतो.