काटकसर कशात करावयाची?

२०२५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात किरकोळ महागाईचा दर अवघा ०.२५ टक्के होता, असे केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने जाहीर केले. २०१२ हे आधारवर्ष धरून चालविलेल्या मालिकेतील हा नीचांक होता. सरकारी गोटात या आकड्याने समाधान वाटले असल्यास नवल नाही. परंतु दादर, ठाणे, डोंबिवली किंवा कोथरूड येथील ज्या गृहिणीस महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विजेचे देयक, गॅसची पावती, सोसायटीची मासिक आकारणी, मुलांची फी आणि विम्याचा हप्ता एकाच पगारातून भागवावा लागतो, तिला हा आकडा थट्टेसारखा वाटला असेल, तर तिला अर्थशास्त्र कळत नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. सरकारचा आकडा खोटा नव्हता आणि तिचा अनुभवही खोटा नव्हता. दोन्ही खरे असून एकमेकांशी जुळत का नाहीत, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधल्याखेरीज मध्यमवर्गीय कुटुंबांना काटकसरीचा उपदेश करण्याचा अधिकार कोणासही नाही.

पहिली गोष्ट अगदी साधी आहे, पण तीच नेहमी विसरली जाते. महागाईचा दर उतरणे म्हणजे महागाई उतरणे नव्हे. २०२४ च्या ऑक्टोबरात हाच दर ६.२१ टक्के होता. म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरात जो जिन्नस शंभर रुपयांस मिळत होता, त्याला वर्षाने सरासरी १०६ रुपयांहून थोडे अधिक पडू लागले. आणि त्यापुढील वर्षी दर जवळजवळ शून्यावर आला तरी ते वाढलेले सहा रुपये काही परत आले नाहीत. जिना चढणारा माणूस एखाद्या पायरीवर थांबला, म्हणून तो तळमजल्यावर आला असे होत नाही. ज्याचे उत्पन्न त्याच्याबरोबर पायऱ्या चढले नाही, तो खालीच राहिला. आणि त्याला दिसते ते हे अंतर, वाढीचा वेग नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तो दर इतका खाली आला तो कशामुळे? त्या महिन्यात अन्नपदार्थांचा निर्देशांक वर्षापूर्वीच्या तुलनेने पाच टक्क्यांनी खाली गेला होता, आणि भाज्यांचे भाव तर पाव हिश्शाहून अधिक उतरले होते. म्हणजे आकड्याची ही स्वस्ताई मुख्यतः शेतातून आली. शहरातील ग्राहकाने तिचे स्वागत करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या एका अभ्यासानुसार ग्राहक टोमॅटोसाठी जो रुपया मोजतो, त्यातील सुमारे ३३ पैसेच शेतकऱ्याच्या हाती पडतात. कांद्याच्या बाबतीत ३६ व बटाट्याच्या बाबतीत ३७. उरलेले दोन तृतीयांश वाटेत जिरतात. कांदा चढला की शहरात ओरड होते आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी झाली तशी निर्यातबंदी होते. त्याचे चटके लासलगावच्या बाजारात बसतात. शेतकऱ्याच्या ताटातले काढून नागरिकाचे ताट भरावे, अशी मागणी सुशिक्षित मध्यमवर्गाने कधीही करू नये. ती अन्यायाची तर आहेच, पण निरुपयोगीही आहे. कारण त्याच्या संसाराचा कणा मोडत आहे तो भाजीच्या पिशवीने नव्हे.

मग कशाने? संसाराच्या खर्चाचे दोन भाग पडतात. एक हातचा खर्च : भाजीपाला, दूध, फळे, कपडा, सणवार, पुस्तके, नाटक. तो रोज ठरतो व रोज कमी करता येतो. दुसरा बांधील खर्च : घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता, सोसायटीची आकारणी, वीज, गॅस, शाळेची फी, औषधे, विमा, कामावर जाण्यायेण्याचे भाडे. त्याचा आकडा दुसरा कोणीतरी ठरवितो. आपण तो फक्त भरावयाचा असतो. २०१२ च्या मालिकेत शहरी भागासाठी अन्नपदार्थांना सुमारे ३६ टक्के व घराला सुमारे २२ टक्के वजन दिलेले होते, आणि ती वजने २०११-१२ च्या खर्चपाहणीवरून काढलेली होती. पुढे २०२४ हे नवे आधारवर्ष धरण्याचे काम सरकारने हाती घेतले, ते योग्यच झाले. पण आधारवर्ष बदलले तरी सरासरी ही सरासरीच राहते. मुंबईत भाड्याच्या दोन खोल्यांत राहून दोन मुलांची फी भरणारे आणि आजारी आईची औषधे आणणारे कुटुंब त्या सरासरीत बसत नाही.

एके काळी या वर्गाचा स्वतःचा निर्देशांक होता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. अंगमेहनतीखेरीज अन्य कामे करणाऱ्या शहरी नोकरदारांसाठी, म्हणजे कारकून, शिक्षक, अधिकारी यांच्यासाठी, १९६० हे आधारवर्ष धरून वेगळा निर्देशांक काढला जाऊ लागला. तो सुमारे अर्धशतक चालून २०१०-११ च्या सुमारास बंद झाला, व सर्व शहरवासीयांना एकाच मापाने मोजण्याची पद्धत आली. ज्याचे दुःख वेगळे मोजले जात नाही, त्याच्या दुःखाची दखलही वेगळी घेतली जात नाही.

आता काटकसरीचा प्रश्न घेऊ. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही शिकवण मराठी मध्यमवर्गाला नव्याने देण्याची गरज नाही. ती त्याच्या हाडीमाशी खिळलेली आहे. परंतु काटकसर होऊ शकते ती केवळ हातच्या खर्चात. शाळेची फी अर्धी भरता येत नाही, हप्ता पुढच्या महिन्यावर टाकता येत नाही. म्हणून बांधील खर्च वाढला की कात्री चालते ती दुधावर, फळांवर आणि डाळीवर. घरात फळ येते ते आजाऱ्यापुरते. आजोबा रोजची गोळी एक दिवसाआड घेऊ लागतात आणि त्याबद्दल कोणाशी बोलत नाहीत. वाचनालयाची वर्गणी बंद होते. आणि सर्वांच्या शेवटी जेवावयास बसणारी स्त्री आपल्या वाट्याचे आणखी थोडे कमी करते. हिशेबाच्या वहीत ही शिल्लक म्हणून दिसते. वस्तुतः ती शिल्लक नसून कर्ज आहे, आणि ते शरीराकडून घेतलेले असल्यामुळे त्याची फेड पुढे रुग्णालयात करावी लागते. एकीकडे पोटाला चिमटा आणि दुसरीकडे प्रत्येक देयक वेळेवर चुकते, या अवस्थेला आम्ही काटकसर म्हणावयास तयार नाही.

बांधील खर्च कसा वाढतो, हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. २०२५ च्या मे महिन्यात देशातील महागाईचा दर तीन टक्क्यांच्या आत होता. त्याच महिन्याच्या ९ तारखेपासून मुंबईत बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. त्याआधी जानेवारीत एस. टी. चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, आणि फेब्रुवारीत मुंबईच्या रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६ रुपयांवर गेले. बेस्टचा तोटा खरा होता, आणि २०१९ साली तिनेच किमान भाडे आठ रुपयांवरून पाचवर आणले होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण शहराच्या बससेवेचा तोटा बसने जाणाऱ्यानेच भरून काढावा, स्वतःच्या मोटारीतून त्याच रस्त्याने जाणाऱ्याने नव्हे, हा न्याय आम्हांला समजत नाही.

विजेच्या देयकाचेही तसेच. महावितरणच्या देयकावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार व वीज शुल्क अशा ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात. घर महिनाभर बंद ठेवले तरी स्थिर आकार चुकत नाही. वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर. घरगुती ग्राहकावर तो १६ टक्के, आणि तो इतर आकारांवर टक्केवारीने बसतो. म्हणजे विजेचा दर वाढला की सरकारची तिजोरीही आपोआप थोडी भरते. ज्या सरकारने दरवाढीपासून ग्राहकाचे रक्षण करावयाचे, त्याचेच उत्पन्न दरवाढीने वाढावे, हा विरोधाभास आहे. तो दूर करावयाचा तर शुल्क टक्केवारीने न घेता दर युनिटमागे ठरावीक पैशांनी घ्यावे, असे आम्ही सुचवितो.

सरकारने काहीच दिलासा दिला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. जुलै २०२२ मध्ये वेष्टनबंद धान्य, पीठ व दही यांवर पाच टक्के वस्तू व सेवा कर बसविणाऱ्यांनीच २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक गृहोपयोगी वस्तूंवरील कर उतरविला व वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के कर पूर्णपणे काढून टाकला. हे योग्य झाले. पण कर गेला तरी मूळ हप्ता विमा कंपनीने ठरवावयाचा आणि तो वयाबरोबर चढावयाचा, ही मूळची व्यवस्था तशीच राहिली.

उत्पन्नाच्या बाजूस तर उघड विषमता आहे. सरकारी नोकराचा महागाई भत्ता निर्देशांकाशी बांधलेला असून वर्षातून दोनदा त्याचा फेरविचार होतो. हे त्याने लढून मिळविले आहे आणि ते त्याच्याकडून कोणी काढून घेऊ नये. पण खाजगी पेढीतील कारकून, विनाअनुदानित शाळेतील शिक्षिका किंवा कंत्राटावरील अभियंता यांना असा कोणताच आधार नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ सालच्या निवृत्तिवेतन योजनेत किमान वेतन २०१४ साली दरमहा एक हजार रुपये ठरविण्यात आले. त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी तो आकडा जागचा हलला नाही. आयुष्यभर खाजगी कारखान्यात राबलेल्या वृद्धाला या रकमेतून काटकसर करावयास सांगणे हा क्रूरपणा आहे.

मग उपाय काय? तो या शहराच्याच इतिहासात सापडतो. १९६३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कामगारांनी बंद पुकारला, तेव्हा त्यांच्या तक्रारींत महागाईचा निर्देशांकच सदोष असल्याची तक्रार प्रमुख होती. प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने त्या आकड्याची छाननी केली, त्यात दोष आढळले आणि तो दुरुस्त करावा लागला. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांमागे हजारो गृहिणी हाती लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. नायगावात १९४८ साली ‘अपना बाजार’ उभा राहिला तो सहकारातून. आणि १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे लहान लहान संघ करून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करण्याची रीत घालून दिली. या सर्व उदाहरणांतून एकच बोध मिळतो : ज्यांनी एकेकट्याने पदर ओढून घेतला त्यांचे नव्हे, तर आकडा ठरतो त्या जागी जे एकत्र जाऊन उभे राहिले त्यांचे काम झाले.

त्या जागा आजही मोकळ्या आहेत. विजेचे दर ठरविण्यापूर्वी राज्य विद्युत नियामक आयोगाला जाहीर सूचना काढून ग्राहकांच्या हरकती विचारात घ्याव्या लागतात. शाळांच्या शुल्कासंबंधीच्या २०११ च्या कायद्याने शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवणे बंधनकारक केले आहे. पुढील दुरुस्तीने तक्रारीसाठी २५ टक्के पालकांची अट घालण्यात आली. ती जाचक आहे व ती शिथिल व्हावयास हवी. परंतु पालकांच्या सभेस दहा माणसे येतात तोवर ही अट कशासाठी असा जाब विचारण्यास बळ येणार कोठून? सोसायटीच्या वार्षिक सभेत ताळेबंद मंजूर होतो तो बहुधा गणसंख्येअभावी तहकूब होऊन अर्ध्या तासाने. मध्यमवर्ग आपल्या घरातील पै-पैचा हिशेब ठेवतो. आपल्या वतीने दुसऱ्याने केलेल्या खर्चाचा हिशेब मागताना मात्र त्याला संकोच वाटतो. हा संकोच आता परवडण्याजोगा राहिलेला नाही.

सरकारकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. मोठ्या शहरांतील पगारदार कुटुंबांसाठी वेगळा निर्देशांक पुन्हा सुरू करावा व त्यात फी, औषधे, घरभाडे व प्रवास यांचे आकडे वेगळे दाखवावेत. खाजगी क्षेत्रातील निवृत्तिवेतन त्याच्याशी जोडावे. आणि महापालिकेची शाळा, रुग्णालय व बस या तीन संस्था अशा दर्जाच्या कराव्यात की मध्यमवर्गीय माणूस नाइलाजाने नव्हे, तर विश्वासाने त्यांच्याकडे वळेल. या तिन्हींकडे पाठ फिरवून त्याने त्यांची जागा घेणाऱ्या खाजगी देयकांचा डोंगर स्वतःच्या डोक्यावर घेतला, यात त्याचाही दोष आहे. पण त्या संस्था मोडकळीस येऊ दिल्या हा दोष राज्यकर्त्यांचा.

काटकसर हा गुण आहे आणि तो आम्ही टाकावयास सांगत नाही. दिवे मालवावेत, उधारीच्या मोहापासून दूर राहावे, लग्नकार्यातील डामडौल आवरावा. पण मुलाचे दूध, आजोबांची गोळी आणि आईचा घास यांवर कात्री चालविण्याआधी प्रत्येक कुटुंबाने आपली देयके ओळीओळीने वाचावीत आणि त्यांतील प्रत्येक ओळ कोणी, कोठे व कोणास विचारून ठरविली, हा प्रश्न शेजाऱ्याला सोबत घेऊन विचारावा. त्या प्रश्नाचे उत्तर देणे ज्यांना भाग आहे, त्यांनाही मग थोडी काटकसर शिकावी लागेल.