'नाव जुळत नाही' म्हणजे नेमकं कुणाचं चुकतं?

पंधरा हजारांत कॅमेरा कुणाचा चांगला, आठ जीबी रॅम पुरेल का, आयफोन जुना घ्यावा की अँड्रॉइड नवा, मित्रमंडळीत टेक्नॉलॉजीचा विषय निघाला की गाडी याच रस्त्यावर फिरत राहते. मलाही या गप्पा आवडतात, तासन्‌तास आवडतात. पण एक सॉफ्टवेअर या गप्पांत कधीच येत नाही, कारण ते आपण विकत घेत नाही, डाउनलोड करत नाही आणि त्याला एक स्टार देऊन रागही काढता येत नाही. ते म्हणजे आपलं नाव तपासणारं सॉफ्टवेअर. आधार, पॅन, बँक, शिष्यवृत्ती, शाळेचा अपार आयडी, प्रत्येकाच्या मागे कुठेतरी एक छोटा प्रोग्राम बसलेला असतो. तो दोन नावं शेजारी ठेवतो आणि ठरवतो, हा तोच माणूस आहे की दुसरा. त्याला पटलं नाही की पडद्यावर ओळ येते: 'नाव जुळत नाही'.

किराडपुऱ्यात, शहागंजात, रोशन गेटला कोणत्याही सेतू केंद्रावर विचारा, ही ओळ रोज किती वेळा दिसते ते. समजा मुलाचं नाव आसिफ. शाळेच्या दाखल्यावर 'शेख आसिफ शेख रहीम'. आधारवर 'आसिफ रहीम शेख'. पॅनवर नुसतं 'शेख आसिफ'. बँकेत कुणीतरी शेखचं आखूड रूप टाकलं, ते झालं 'एस. के. आसिफ', म्हणजे आता त्याला दोन इनिशियल्सही मिळाली. मोहम्मदचं तर विचारूच नका. 'एमडी' असं लिहिलं की बारावीत अडकलेला पोरगाही कागदावर डॉक्टर होतो.

हसण्यासारखं आहे, पण यावर फी अडते, खातं गोठतं, प्रवेश लटकतो. आणि मग सगळे त्या पोरालाच सुनावतात. घरचे म्हणतात, आधी नीट का नाही पाहिलंस. ऑपरेटर म्हणतो, तुमच्या लोकांच्या नावांचा नेहमीच घोळ असतो. आपल्यातलेही शिकलेले लोक म्हणतात, आपली कौमच निष्काळजी. मला हे शेवटचं वाक्य मुळीच मान्य नाही, आणि त्याचं कारण भावनिक नाही, तांत्रिक आहे.

उर्दूत सय्यद हे नाव कसं लिहितात? सीन, ये, दाल. तीन अक्षरं. औरंगाबादेत लिहा, बीडला लिहा, लखनऊला लिहा, तीच तीन अक्षरं. मुहम्मद म्हणजे मीम, हे, मीम, दाल. शेख म्हणजे शीन, ये, खे. त्यात 'स्पेलिंग मिस्टेक' व्हायला जागाच नाही. निजामाच्या राज्यात दफ्तर उर्दूत होतं, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांची नावं एकाच पद्धतीने लिहिली जात होती. मराठवाडा १९४८ ला भारतात आला, पुढे १९५६ ला हैदराबाद राज्यातून निघाला, कारभार मराठी आणि इंग्रजीत गेला, आणि त्या एका नावाची अनेक नावं झाली. मराठीत महंमद, मोहंमद, मोहम्मद, मुहम्मद. सय्यद, सैयद, सैय्यद. इंग्रजीत तर प्रत्येक कारकुनाच्या कानाला जे पडलं ते. अरबी-फारसीतला ज़ मराठीत कुणी झ लिहितो, कुणी ज. झाकीर, जाकीर, ज़ाकिर हा एकच माणूस आहे. नुक्ता दिला तर आणखी गंमत: नुक्त्याचा ज़ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकच जोडीव चिन्ह म्हणून किंवा ज आणि त्याखाली वेगळा नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे. प्रोग्रामरने आधी दोन्ही एका रूपात आणून घेतले नसतील, तर मशिनला मात्र ही दोन वेगळी नावं.

तेव्हा घोळ आपल्या नावात नाही. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत नेताना तो झाला, आणि नेणारे आपण नव्हतो.

दुसरी गोष्ट रकान्यांची. आपल्याकडचा फॉर्म तीन भाग मागतो: आडनाव, नाव, वडिलांचं नाव. जोशींना, जाधवांना हे बसतं. कोकणातल्या दलवाई-परकारांना बसतं, सांगली-साताऱ्याकडच्या तांबोळी-मुल्लांनाही बसतं. मराठवाड्यात मात्र शेख, सय्यद, मिर्झा नावाच्या पुढे लागतात, खान शेवटी लागतो, आणि शेख तर बापाच्या नावाआधी पुन्हा लागतो. ते जाधवांच्या अर्थाने आडनाव नाहीच. बायकांच्या नावातलं 'बी', 'बेगम', 'खातून' हे तर कोणत्याही अर्थाने आडनाव नाही. पण रकाना रिकामा सोडला की फॉर्म पुढे सरकत नाही, म्हणून ऑपरेटर तेच तिथे कोंबतो. मग आई 'बेगम', मुलगा 'शेख', आणि पुढच्या तपासणीत विचारतात, नातं काय? राज्य सरकारने २०२४ साली आईचं नावही नावात घ्यायचं ठरवलं: आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. निर्णय चांगला आहे, मला मनापासून आवडला. पण शेवटचा शब्द आडनावच असणार हे गृहीतक त्यातही तसंच आहे.

हे फक्त आपलं दुखणं आहे असं समजू नका. १९६१ ते १९७१ संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस असलेले ऊ थांट यांचं नाव नुसतं 'थांट' होतं, 'ऊ' हा बर्मी आदरार्थी शब्द. ए. पी. जे. अब्दुल कलामांच्या नावात आडनाव कोणतं, सांगा पाहू. त्यातला 'जे' म्हणजे वडिलांचं नाव जैनुलाब्दीन, जे हैदराबादेत झैनुल आबिदीन झालं असतं. राष्ट्रपतींचा अर्ज एखाद्या पोर्टलवर 'वडिलांचे नाव जुळत नाही' म्हणून परत आला असता, असं मी गमतीने म्हणतो, पण फार गमतीने नाही. पॅट्रिक मॅकेन्झी या जपानमध्ये राहणाऱ्या अमेरिकन प्रोग्रामरने २०१० साली नावांबद्दल प्रोग्रामर लोक धरून चालतात अशा चाळीस चुकीच्या समजुतींची यादी लिहिली होती. आमच्या धंद्यात ती सगळ्यांनी वाचलेली असते आणि फॉर्म बनवताना सगळे विसरतात.

आता जुळणीकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. नावं 'साधारण सारखी' आहेत का हे ओळखायच्या पद्धती जुन्या आहेत. साउंडेक्स नावाच्या पद्धतीचं पेटंट अमेरिकेत १९१८ साली निघालं. मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये ती आजही तयार मिळते. ती नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर जसंच्या तसं ठेवते आणि पुढच्या व्यंजनांना आकडे देते. शेखची सगळी स्पेलिंगं एस-२०० होतात, इथवर ठीक. पण कुरेशी 'क्यू'ने लिहिला तर क्यू-६२०, 'के'ने लिहिला तर के-६२०, म्हणजे दोन माणसं. फातिमा 'एफ'ने एक, 'पीएच'ने दुसरी. उलट खान आणि काणे या दोघांचाही कोड के-५००! पुण्याचे काणे आणि आमचे खान यांना भाऊ करणारी ही एकच व्यवस्था मला माहीत आहे.

दुसरी पद्धत रशियन गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांची, १९६५ ची. एका शब्दातून दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी, घालावी, काढावी लागतात, ते मोजायचं. इंग्रजीत आसिफ एका 'ए'ने लिहा किंवा दोन 'ए'ने, अंतर १. आणि आसिफ व आरिफ यांच्यातलं अंतर? तेही १. पहिल्या जोडीत एकच माणूस आहे, दुसऱ्या जोडीत बहुतेक दोन सख्खे भाऊ. सलीम एका 'आय'ने आणि दोन 'ई'ने लिहिला तर अंतर २; सलीम आणि सलमा, तेही २. म्हणजे उंबरठा कडक ठेवला तर खरा माणूस बाहेर, सैल ठेवला तर परका आत. हा आकडा कुणीतरी बसून ठरवतो. बहुतेक वेळा तो ठरवणाऱ्याच्या टेस्ट डेटात आसिफ-आरिफ नसतातच.

शेजारच्या तेलंगणात याचं काय झालं ते पाहा. तिथे 'समग्र वेदिका' नावाची यंत्रणा वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जोडून कुटुंब रेशनला पात्र आहे का ते ठरवायला मदत करते. अल जझीराने जानेवारी २०२४ मध्ये एका विधवेची हकीकत छापली. तिचा नवरा रिक्षा ओढायचा. यंत्रणेने त्याला त्याच्यासारखंच नाव असलेल्या, पण नावात एक शब्द जास्त असलेल्या एका कारमालकाशी जोडलं, आणि घर रेशनला अपात्र ठरलं. पहिला शब्द सारखा, शेवटचा शब्द सारखा; आपल्या समाजात अशी माणसं एका गल्लीत चार सापडतात. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणाला २०१६ पासून रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करायला सांगितलं होतं. घरी जाऊन माणूस बघा, एवढंच. हे सांगायला सर्वोच्च न्यायालय लागलं.

एकाला अनेक नावं असणं संगणकाला झेपत नाही, असं कुणी सांगितलं तर त्याला आपल्या शहराकडे बोट दाखवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर करायला केंद्राने मंजुरी दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्टेशनचं नाव बदललं, कोड एडब्ल्यूबीचा सीपीएसएन झाला. पण ४३१००१ हा पिन तोच, गाड्यांवरचं एमएच-२० तेच. नामांतराबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, इथे मुद्दा वेगळा आहे. ज्याच्या जन्मदाखल्यावर औरंगाबाद आणि आधारच्या पत्त्यावर संभाजीनगर आहे, त्याला ही दोन वेगळी शहरं आहेत असं कुणी म्हणत नाही. कारण व्यवस्थेने ठरवलं, की जुनं नाव आणि नवं नाव एकाच जागेचं. प्रोग्रामिंगच्या भाषेत याला एलियस टेबल म्हणतात, एका दुपारचं काम. शहरासाठी केलं ते शेख आसिफसाठी करायला अडचण कसली? कुणबी नोंदी शोधायला २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा सरकारने निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद वाचणारी माणसं शोधून आणलीच ना. इच्छा असली की जुनी अक्षरं वाचता येतात.

आणि सोय नाही असंही नाही. आधारच्या पडताळणीच्या तांत्रिक कागदपत्रांत नावाची अंशतः जुळणी करण्याची तरतूद लिहिलेली आहे, शब्दांचा क्रम बदलला तरी चालेल अशी, आणि भारतीय भाषेतल्या नावासाठी वेगळी. वापरणाऱ्या खात्याने ती चालू करायची असते. तंतोतंत जुळणी हा आळशी पर्याय आहे, कोडच्या एका ओळीत होतो, म्हणून तो निवडला जातो. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. ते दोन मौके नागरिकाने एखाद्या पोर्टलच्या एका ओळीच्या कोडसाठी खर्च करायचे, हा सौदा मला उलटा वाटतो.

आपल्या वस्त्यांत कागदपत्र दुरुस्तीची शिबिरं होतात. ती करणाऱ्या मुलामुलींबद्दल मला आदर आहे, आज रात्री फॉर्मची मुदत संपणाऱ्या पोराला व्याख्यान नको, दुरुस्तीच हवी. पण शिबिरात आपण माणसाला फॉर्मच्या मापाचा करतो, आणि पुढच्या वर्षी नवा फॉर्म येतो, नवं माप घेऊन. म्हणून शिबिराच्या टेबलावर एक वही जास्तीची ठेवा. कोणत्या पोर्टलने, कोणत्या रकान्यात, कोणती दोन रूपं नाकारली, एवढंच लिहायचं. माणसाचा आधार क्रमांक वगैरे काही नको. दोनशे नोंदी झाल्या की तो पुरावा होतो. मग माहिती अधिकारात विचारता येतं: तुमची जुळणी तंतोतंत आहे की अंशतः? उंबरठा किती टक्के? न जुळल्यास अर्ज माणसाच्या नजरेखालून जातो का? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(घ) प्रमाणे ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम झाला त्याला कारण सांगणं हे कार्यालयाचं काम आहे. 'नाव जुळत नाही' हे कारण नव्हे, तो निकाल आहे.

आणि हिंजवडीत, बंगळुरूत कोड लिहिणाऱ्या आपल्याच पोरापोरींना एक विनंती. हे फॉर्म आकाशातून पडत नाहीत, तुमच्या शेजारच्या डेस्कवर बनतात. पूर्ण नावाचा एकच रकाना ठेवा. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमही शक्यतो असंच करा म्हणतं. 'इतर कागदांवरचं नाव' असा दुसरा रकाना ऐच्छिक ठेवा. ओळख नंबराने पटवा, नाव लेबल म्हणून वापरा. जुळलं नाही तर अर्ज फेटाळू नका, बाजूला काढा आणि नेमका कोणता शब्द अडला ते दाखवा. आणि टेस्ट डेटात 'अबक' आणि 'राम शाम' टाकण्याऐवजी घरचं रेशनकार्ड समोर ठेवून त्यावरची नावं टाकून बघा, आजीच्या नावापासून सुरुवात करून.