समजून घ्या : सर्किट सॉफ्टवेअरमधल्या खुणा काय सांगतात? आणि काय सांगत नाहीत?

नागपुरात प्रोजेक्टसाठी इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग हवे असले, की विद्यार्थी सीताबर्डी गाठतात. हातात येणाऱ्या ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात. सॉफ्टवेअरमध्ये मात्र तोच ट्रान्झिस्टर म्हणजे काही रेषा आणि एक बाण. हा बाण नीट वाचूनही बोर्ड बंद पडू शकतो. तो का?

आत्ताच ही चर्चा का?

इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या निर्मितीसाठी केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात मल्टिलेअर पीसीबीचाही समावेश आहे. पण बोर्ड कारखान्यात जाण्याआधी कुणीतरी त्याचं डिझाइन करावं लागतं. त्यासाठी ‘कीकॅड’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाचं ‘ईसिम’ही मोफत आहे आणि त्यात कीकॅडचाच वापर होतो.

एकाच भागाच्या दोन खुणा कशा?

शाळेच्या पुस्तकात रेझिस्टर म्हणजे नागमोडी रेघ. सॉफ्टवेअरमध्ये अनेकदा तिथे साधा आयत दिसतो. नागमोडी रेघ ही अमेरिकी पद्धत, तर आयत हा आयईसी ६०६१७ या आंतरराष्ट्रीय मानकातला. अर्थ एकच.

कोणत्या खुणा चकवतात?

- ठिपका : दोन तारा एकमेकींना छेदतात तिथे ठिपका असेल तरच त्या जोडलेल्या असतात.
- ग्राउंड : एकाच नावाची ग्राउंडची चिन्हं कागदावर लांब असली, तरी ती आपोआप जोडलेली धरली जातात.
- फुली : पिनवरची फुली म्हणजे ही पिन मुद्दाम मोकळी सोडली आहे.
- ४के७ : म्हणजे ४.७ किलोओहम. दशांशचिन्ह छपाईत पुसट होऊ शकतं, म्हणून त्या जागी अक्षर.

मग बोर्ड बंद का पडतो?

चिन्ह फक्त जोडणी सांगतं. पाय बोर्डवर कुठे बसेल, ते ‘फूटप्रिंट’ ठरवतो. दोघांना बांधतो तो पिनचा नंबर. बीसी ५४७ आणि टूएन ३९०४ हे दोन्ही एनपीएन ट्रान्झिस्टर. चिन्ह सारखंच, बाण एमिटरवर बाहेरच्या दिशेने. पण सपाट बाजू समोर धरली, तर पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि दुसऱ्याचे नेमके उलट.

म्हणजे डिझाइन एकाचं केलं आणि बाजारातून दुसरा आणला, तर कलेक्टर-एमिटरची अदलाबदल होते. सॉफ्टवेअरची ‘ईआरसी’ तपासणीही हे पकडत नाही, कारण कागदावर चूक नसतेच.

उपाय काय?

बोर्ड छापायला देण्याआधी, जो भाग प्रत्यक्ष बसवायचा आहे त्याचीच डेटाशीट उघडायची आणि एकेक पिन नंबर चिन्हाशी व फूटप्रिंटशी ताडून बघायचा. या कामाला दहा मिनिटं लागतात. ती वाचवली, तर छापून आलेला अख्खा बोर्ड वाया जाऊ शकतो.