बंदी नाक्यापर्यंत, चलन नाक्यापलीकडे

मांजरसुंबा (जि. बीड) : सोलापूर-धुळे महामार्ग आणि पाटोद्याहून केज, अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, ते मांजरसुंबा हे गाव नाकाबंदीसाठी मोठे सोयीचे. चारही दिशांची वाहतूक एकाच चौकात येते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तो कोठे मिळतो हे शाळकरी पोरही सांगेल. तरीही खबर पक्की असेल तर गुटख्याचा ट्रक अशा चौकात अडवता येतो, पोती उतरवली जातात, पंचनामा होतो. त्याच वेळी त्याच चौकातून एखादा तरुण खिशातील मोबाइलच्या भरवशावर काही लाखांचे बिटकॉइन देशाबाहेर धाडून मोकळा झाला, तर ते अडवण्याचे कोणतेही साधन नाक्यावरील हवालदाराजवळ नाही. आभासी चलनावर बंदी घालावी की नाही, हा वाद दिल्ली-मुंबईत गेली दहा-बारा वर्षे रंगला आहे. बंदी घातली तर ती अमलात आणायची कोणी आणि कशी, हा प्रश्न त्या मानाने फारच थोड्यांनी विचारला.

रिझर्व्ह बँकेने पहिला इशारा दिला तो २४ डिसेंबर २०१३ रोजी. २०१७ मध्ये त्याची दोनदा उजळणी झाली. १ फेब्रुवारी २०१८ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी अर्थसंकल्पीय भाषणात आभासी चलनाला कायदेशीर चलन मानत नसल्याचे स्पष्ट केले आणि ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने खरा घाव घातला. बँकांनी व अन्य वित्तसंस्थांनी आभासी चलनाचा व्यवहार करणाऱ्या कोणालाही सेवा देऊ नये, असलेली खाती तीन महिन्यांत बंद करावीत, असे ते परिपत्रक होते. लोकांनी त्याला 'बंदी' म्हटले. प्रत्यक्षात बिटकॉइन बाळगणे वा विकणे हा त्या परिपत्रकानेही गुन्हा ठरला नव्हता. बंद झाली होती ती केवळ बँकेची खिडकी.

या खिडकीबंदीचा परिणाम मात्र झटपट दिसला. झेबपे या त्या काळातील मोठ्या बाजारमंचाने सप्टेंबर २०१८ मध्ये देशातील खरेदी-विक्री थांबवली. पुण्याच्या कॉइनडेल्टाने मार्च २०१९ मध्ये, तर मुंबईच्या कॉइनेक्सने त्याच वर्षी जूनमध्ये गाशा गुंडाळला. बंगळुरूत एका मॉलमध्ये बसवलेले बिटकॉइनचे यंत्र ऑक्टोबर २०१८ मध्ये पोलिसांनी उचलून नेले आणि चालकांना अटक केली. वृत्तपत्रांतून त्या यंत्राची छायाचित्रे झळकली. बंदीची अंमलबजावणी म्हणून दाखवता येईल अशी वस्तू पोलिसांच्या हाती लागली, ती बहुधा एवढीच. जे कार्यालय थाटून, करपत्रे भरून, ग्राहकांची ओळखपत्रे तपासून व्यवसाय करीत होते ते बुडाले. ज्यांचा व्यवहार टेलिग्रामवरील गटांतून, एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात रुपये टाकून चालत असे, त्यांच्या दारी कोणी गेले नाही. कारण त्यांना दारच नव्हते.

४ मार्च २०२० रोजी न्या. रोहिंटन नरिमन, न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. व्ही. रामसुब्रमण्यन यांच्या खंडपीठाने हे परिपत्रक रद्द ठरवले. निकालाचा गाभा समजून घेण्याजोगा आहे. आभासी चलनाबाबत पावले उचलण्याचा रिझर्व्ह बँकेचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही. आपल्या अखत्यारीतील बँकांना या व्यवहारांमुळे नेमके काय नुकसान पोहोचले, हे रिझर्व्ह बँक दाखवू शकली नाही. सबब, उपाय रोगाच्या मानाने फार जालीम आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. दरम्यान सुभाषचंद्र गर्ग समितीने जुलै २०१९ मध्ये जाहीर झालेल्या अहवालात संपूर्ण बंदीची शिफारस केली होती आणि सोबतच्या मसुद्यात दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद सुचवली होती. २०२१ मध्ये संसदेच्या कामकाजाच्या यादीत यासंबंधीचे विधेयक दोनदा झळकले. ते मांडले मात्र गेले नाही.

का मांडले गेले नाही, याचे उत्तर सरकारनेच दिले आहे. जुलै २०२२ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत सांगितले की, रिझर्व्ह बँकेला बंदी हवी आहे. परंतु आभासी चलनाला देशांच्या सीमा नसल्याने आंतरराष्ट्रीय सहकार्याविना असा कोणताही कायदा परिणामकारक ठरणार नाही. सरकारी भाषेतील हे वाक्य सोप्या मराठीत मांडायचे तर, आम्ही बंदी घालू शकतो, पाळायला लावू शकत नाही.

यामागील तांत्रिक कारण फारसे गूढ नाही. बिटकॉइन मोबाइलमध्ये नसते, बँकेत नसते आणि तिजोरीतही नसते. जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाणारी एक सामाईक खतावणी आहे. कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत, एवढेच तीत नोंदलेले असते. ती नाणी हलवण्यासाठी लागते एक गुप्त किल्ली, आणि ती सहसा बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांच्या रूपात जपून ठेवता येते. हे शब्द कागदावर लिहिता येतात, पाठही करता येतात. गुटख्याचे पोते जप्त होते. पाठ केलेले शब्द कोणता पंच जप्त करणार? सरकारला गाठता येतो तो केवळ नाका, म्हणजे रुपयाचे आभासी चलन होते आणि आभासी चलनाचा पुन्हा रुपया होतो ती जागा. तेथे बँक असते, पॅन क्रमांक असतो, माणूस सापडतो. हा नाका बंद केला की रहदारी थांबत नाही. पाऊलवाटेने जाऊ लागते. कोणी परदेशी मंचाकडे वळतो, कोणी ओळखीच्या माणसाशी परस्पर व्यवहार करतो, कोणी कमिशन देऊन दुसऱ्याचे बँक खाते वापरतो. देशभरच्या सायबर फसवणुकीच्या तपासांत अशी भाड्याची खाती सापडतात, तेव्हा ती बहुतेकदा खेड्यापाड्यांतील बेरोजगार तरुणांच्या नावावर निघतात. मूळ सूत्रधार दूर राहतो आणि नोटीस येते ती पोराच्या पत्त्यावर.

महाराष्ट्राने याचा अनुभव पुरेपूर घेतला आहे. अमित भारद्वाज याच्या 'गेनबिटकॉइन' योजनेत दरमहा दहा टक्के परताव्याचे, तेही अठरा महिने, आमिष दाखवण्यात आले. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार २०१७ च्या भावाने सुमारे ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन या जाळ्यात गोळा झाले. पुढे गुंतवणूकदारांच्या हाती बिटकॉइनऐवजी प्रवर्तकांनीच काढलेले, बाजारात कवडीमोल ठरलेले दुसरे नाणे टेकवण्यात आले. पुणे पोलिसांनी भारद्वाजला पकडले ते एप्रिल २०१८ मध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक निघाले त्याच सुमारास. योगायोग बोलका आहे. अटकेसाठी बंदीची गरज पडली नव्हती, फसवणुकीचे जुने कायदे पुरेसे होते. आणि पैसे परत मिळवण्यासाठी बंदीचा काडीचाही उपयोग झाला नाही. जानेवारी २०२२ मध्ये भारद्वाजचा मृत्यू झाला. किल्ल्या कोणाकडे, हा प्रश्न मागे उरला.

त्याहून अस्वस्थ करणारी घटना त्याच वर्षी मार्चमध्ये घडली. या तपासात तांत्रिक साह्यासाठी पोलिसांनीच बोलावलेल्या दोन तज्ज्ञांना पुणे पोलिसांनी अटक केली. त्यांपैकी एक भारतीय पोलीस सेवेतील माजी अधिकारी. तपासात हाती आलेले आभासी चलन त्यांनी परस्पर स्वतःकडे वळते केले, असा आरोप ठेवण्यात आला. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. परंतु ज्या तपासयंत्रणेला मुद्देमाल मोजण्यासाठीही बाहेरच्या माणसावर विसंबावे लागते, तिच्या खांद्यावर देशव्यापी बंदीचे जू ठेवणे कितपत शहाणपणाचे, हा प्रश्न त्या अटकेने निर्माण केला. पुढे प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये विभागाने साठहून अधिक ठिकाणी छापे टाकले. त्यांत पुणे, कोल्हापूर यांच्याबरोबर मराठवाड्यातील नांदेडही होते. हाती लागलेले आभासी चलन सुमारे २४ कोटी रुपयांचे. ६,६०० कोटींशी त्याचे प्रमाण वाचकांनीच काढावे.

मराठवाड्यात असल्या योजनांना गिऱ्हाईक का मिळते, याचे उत्तर संगणकशास्त्रात नाही. ऊसतोडीच्या उचलीवर, पतसंस्थेच्या पुस्तकावर आणि नात्यागोत्याच्या शब्दावर चालणारा हा मुलूख आहे. बीडमध्येच मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेट सहकारी पतसंस्थेत बारा ते चौदा टक्के व्याजाच्या आशेने लोकांनी आयुष्याची पुंजी ठेवली. सक्तवसुली संचालनालयाच्या मते तेथील गैरव्यवहार दोन हजार कोटींहून अधिक रकमेचा आहे. ही संस्था आभासी नव्हती. तिला नोंदणी होती, शाखा होत्या, पाट्या होत्या, लेखापरीक्षण होते. सरकारमान्य शिक्क्याखाली एवढे घडल्यावर, सरकारने 'धोकादायक' म्हटलेल्या नाण्याची भीती लोकांना कितीशी वाटावी? बंदीच्या समर्थकांनी हा प्रश्न टाळू नये.

अर्थात बंदीची मागणी अडाणीपणाची आहे, असे मुळीच नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी आभासी चलनाला ट्यूलिपच्या फुलाइतकाही आधार नसल्याचे सांगितले. चार दिवसांनी डेप्युटी गव्हर्नर टी. रबी शंकर यांनी बंदी हाच कदाचित सर्वांत योग्य मार्ग असल्याचे मत मांडले. डॉलरशी बांधलेली टेथरसारखी नाणी व्यवहारात रुळली तर रुपयाची सत्ताच क्षीण होईल, भांडवल निमूटपणे बाहेर जाईल, ही त्यांची धास्ती खरी आहे. प्रश्न हेतूचा नाही, हत्याराचा आहे.

या हत्याराचा इतिहास आपल्याकडे सोन्याने लिहिला आहे. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सुवर्णनियंत्रण नियमांनी चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास मनाई केली; १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला. सोनार देशोधडीला लागले, मुंबईच्या किनाऱ्यावर तस्करांची साम्राज्ये उभी राहिली आणि लग्नातले सोने काही कमी झाले नाही. अखेर १९९० मध्ये अर्थमंत्री मधु दंडवते यांनी तो कायदा मोडीत काढला. सोने निदान जड होते, विमानतळावर सापडत होते.

चीनइतकी कठोर अंमलबजावणी जगात क्वचितच कोठे होईल. तेथे सप्टेंबर २०२१ मध्ये सर्व व्यवहार बेकायदा ठरले, खाणकामाचे कारखाने बंद झाले. तरीही केंब्रिज विद्यापीठाच्या पाहणीत काही महिन्यांतच जागतिक बिटकॉइन खाणकामातील चीनचा वाटा पुन्हा एक पंचमांशाच्या आसपास दिसला. नायजेरियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकांची दारे बंद केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती स्वतःच उघडली.

भारताने त्यानंतर निवडलेला मार्ग 'मान्यताही नाही, मनाईही नाही' असा आहे. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर. एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करण्याची सोय नाही. जुलै २०२२ पासून प्रत्येक हस्तांतरणावर एक टक्का उद्गमकर कपात. या करातून २०२२-२३ मध्ये सुमारे २६९ कोटी आणि २०२३-२४ मध्ये ४३७ कोटी रुपये मिळाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. मार्च २०२३ मध्ये या व्यावसायिकांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आणले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये बायनान्ससह नऊ परदेशी मंचांना नोटिसा गेल्या, त्यांची संकेतस्थळे रोखली गेली. बायनान्सने नोंदणी केली, १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला आणि २०२४ मध्ये तो मंच परत आला. धंदा करायचा असेल तर नाक्यावर या, हा धाक बंदीहून अधिक कामाचा ठरला, असे म्हणता येते. मात्र जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवरील सायबर दरोड्यात सुमारे दोन हजार कोटी रुपयांची नाणी गेली, तेव्हा कर भरणाऱ्या ग्राहकाने दाद मागायची कोठे, याचे उत्तर या व्यवस्थेतही नव्हते.

उद्या संसदेने बंदीचा कायदा केलाच, तर त्याची पहिली फिर्याद एखाद्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात नोंदली जाईल. गुटख्याची पोती ठेवायला तेथे मुद्देमाल खोली आहे, तिला कुलूप आहे, नोंदवहीत सही करणारा अंमलदार आहे. जप्त केलेली नाणी कोणाच्या वॉलेटमध्ये ठेवायची, त्याची किल्ली कोणाच्या हाती द्यायची आणि तो अधिकारी बदलून गेला तर ते बारा शब्द पदभाराच्या कागदावर लिहायचे की नाही, हे मात्र आधी ठरवावे लागेल.